खंड्याचा फोटो आणि भरतीचे गणित: चोडणच्या खाडीतले एक प्रकरण

फोंड्यात नोकरी, रविवार मोकळा, आणि दोन वर्षांपूर्वी घेतलेला २४ मेगापिक्सेलचा प्राथमिक डीएसएलआर. सोबत ७०-३०० मिमीची झूम लेन्स, जिचे छिद्र ३०० मिमीवर एफ ६.३ पेक्षा मोठे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). या हौशी छायाचित्रकाराला गोव्यातल्या चोडण बेटावरच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात एकच पक्षी नीट टिपायचा होता: कॉलर्ड किंगफिशर. पाठ हिरवट निळी, पोट आणि मानेभोवतीचा पट्टा पांढराशुभ्र, लांबी जेमतेम २४ सेंटिमीटर. गावातल्या तळ्याकाठी विजेच्या तारेवर बसणाऱ्या खंड्याचा हा भाऊबंद, पण खारफुटी सोडून फारसा कुठे रमत नाही. त्याची विदाली ही उपजात रत्नागिरीपासून केरळपर्यंतच्या किनाऱ्यावर आढळते.

दोन फेऱ्यांत मिळून सातशेच्या आसपास फ्रेम झाल्या. मोठ्या पडद्यावर पाहिल्या तेव्हा ठेवण्याजोगी एकही निघाली नाही. निष्कर्ष त्याने स्वतःच काढला: ३०० मिमी कमी पडते, ६०० पर्यंत जाणारी लेन्स घ्यायला हवी. म्हणजे लाखाच्या आसपास खर्च. पैसे भरण्याआधी दोन्ही फेऱ्यांच्या फाइल्स एकेक करून तपासल्या गेल्या, आणि लेन्सचा दोष त्यात सर्वांत शेवटी सापडला. पहिला दोष पंचांगात होता.

डोळ्यातला ठिपका

फोटो बिघडला एवढे म्हणून भागत नाही, कसा बिघडला ते पाहावे लागते. फाइल १०० टक्के मोठी करून पक्ष्याच्या डोळ्यात बघायचे. खंड्याचा डोळा काळा, ओला, वाटोळा असतो आणि त्यात आकाशाचा एक पांढरा ठिपका पडतो. हा ठिपका बहुतेक सगळे सांगून जातो.

ठिपका गोल आहे पण फुगलेला, कडा मऊ, आणि त्याच फ्रेममध्ये पुढचे एखादे पान किंवा मागची फांदी कोरल्यासारखी स्पष्ट: फोकस चुकला. ठिपक्याची रेघ झाली आहे आणि फांदीवरच्या प्रत्येक चकाकीचीही त्याच दिशेने रेघ झाली आहे: कॅमेरा हलला. सगळ्या चकाक्या जागच्या जागी ठीक, फक्त पक्ष्याचे डोके पुसट: पक्षी हलला. ठिपकाच नाही आणि डोळा काळ्या भोकासारखा: उजेड पक्ष्याच्या मागून येतो आहे. आणखी एक तऱ्हा या फाइल्समध्ये नव्हती, पण गोव्यात उघड्या चिखलावर सकाळी दहानंतर हमखास भेटते: लागोपाठच्या पाच फ्रेममध्ये ठिपक्याचा आकार दरवेळी वेगळा. हा तापलेल्या हवेचा खेळ असतो. तिथे कुठलीही लेन्स उपयोगाची नाही, जवळ जाणे किंवा घरी जाणे एवढेच पर्याय.

पहिल्या फेरीच्या फाइल्समध्ये निम्म्याहून जास्त ठिकाणी रेघ होती आणि ती आडवी होती. फाइलसोबत नोंदलेल्या माहितीत कारण मिळाले: अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, म्हणजे छिद्र आपण ठरवायचे आणि शटरचा वेग कॅमेऱ्याने; एफ ८, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ४०० वर बांधून ठेवलेला. दाणे येतील या भीतीने आयएसओ वाढवला नव्हता आणि ‘शार्प येतो’ म्हणून एफ ८. खारफुटीच्या सावलीत कॅमेऱ्याने मग शटर १/१६० ते १/२५० वर नेले. लेन्समध्ये स्थिरीकरण चालू होते, त्यामुळे एवढ्यात भागेल अशी समजूत.

जमिनीवर भागलेही असते. होडीत का भागत नाही, ते आकड्यात मांडून बघू. प्रवाहाबरोबर होडी सेकंदाला २० सेंटिमीटर सरकते असे धरा, म्हणजे मिनिटाला बारा मीटर, बसलेल्याला जाणवतसुद्धा नाही असा वेग. पक्षी १० मीटरवर, लेन्स ३०० मिमी. सेन्सरवर प्रतिमा सेकंदाला ६ मिलिमीटर सरकते. १/२५० सेकंदात ०.०२४ मिमी. या सेन्सरचा एक पिक्सेल सुमारे ०.००४ मिमीचा, म्हणजे सहा पिक्सेलची आडवी रेघ. १/१६०० ला हीच रेघ एका पिक्सेलच्या आत येते. लेन्सचे स्थिरीकरण हाताची थरथर, म्हणजे कॅमेऱ्याचे वळणे सावरते. संपूर्ण होडी बाजूला सरकते आहे हे त्याला कळतच नाही.

बाकीच्या फ्रेममध्ये पक्षी उंच फांदीवर, मागे पांढरे आकाश. पोट आणि आकाश एकच झालेले. हा दोष सेटिंगचा वाटतो, पण पक्षी एवढ्या उंच का बसला होता, हा खरा प्रश्न.

दोन रविवार, तेच पाणी

पहिली फेरी पौर्णिमेच्या रविवारी झाली. होडी साडेनऊला सुटली. त्या दिवशी पूर्ण भरती अकराच्या सुमारास होती, म्हणजे खारफुटीतल्या अरुंद ओहळात शिरेपर्यंत चिखलाच्या कडा जवळजवळ बुडालेल्या. खेकडे पाण्याखाली, निवट्या (चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे) मुळांवर चढलेल्या. खाण्याची वेळ संपली की खंड्या वर सावलीत जाऊन बसतो, तासभर हलत नाही.

दुसरी फेरी दोन आठवड्यांनी, अमावास्येच्या रविवारी. उजेड चांगला मिळावा म्हणून या वेळी सातलाच होडीत. पण अमावास्येचे पाणी पौर्णिमेसारखेच चालते. अकराला भरती, तर ओहोटी पाचच्या सुमारास. सात वाजता ओहळाच्या तोंडाशी गुडघाभर पाणीही नव्हते. होडीवाल्याने मान हलवली: “भितर गेल्यार होडी रुततली.” सगळी सकाळ मांडवीच्या मुख्य पात्राच्या कडेने गेली. समोर चिखल उघडा, त्यावर खंड्या, खेकडे, बगळे, सगळे कामात, आणि सगळे २५ मीटरच्या पलीकडे. चिखलाचा काठही होडीतल्या नजरेपेक्षा उंच, त्यामुळे काही फ्रेममध्ये पक्ष्याचे पायच नाहीत.

इथे मोठ्या लेन्सच्या मोहाचे उत्तर देता येते. बसलेला पक्षी साधारण २० सेंटिमीटर उंच. ३०० मिमीवर २५ मीटरवरून तो फोटोत सहाशे पिक्सेलचा येतो. ६०० मिमीची लेन्स लावली तर बाराशे. आणि हीच ३०० मिमी लेन्स १० मीटरवर नेली तर पंधराशे. मधला हवेचा थर कमी होतो तो फायदा वेगळा. तेव्हा लाखभर रुपये वाचवायचे तर होडी १० मीटरवर कशी जाईल, एवढेच शोधायचे होते.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा ठोकताळा असा: तिथीला पाऊण तासाने गुणा, पूर्ण भरतीची वेळ येते. पौर्णिमा-अमावास्या पंधरा, म्हणजे सव्वाअकरा. अष्टमी आठ, म्हणजे सहा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे. शुद्ध-वद्य दोन्ही पक्षांत हिशेब तोच. म्हणून एका आठवड्याने गेले तर पाणी बरोबर उलटे असते, आणि दोन आठवड्यांनी गेले तर पुन्हा तेच. रविवार धरून चालणाऱ्याने हे लक्षात घेतले नाही, तर तो महिनोन्‌महिने एकाच चुकीच्या पाण्यात जाऊ शकतो.

ठोकताळ्याने दिवस निवडावा, वेळ मात्र मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पक्की करावी. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, आणि ते तक्त्यातच कळते. समुद्रातले पाणी नदीतून चोडणला पोचायला थोडा वेळ लागतो, तो रायबंदरच्या धक्क्यावरच्या खांबावर ओली रेषा बघून एकदा ताडून घेतला की झाले.

हवी असलेली वेळ कोणती? भरती पूर्ण झाल्यावर एक तासापासून अडीच तासांपर्यंत. पाणी सहा तासांत उतरते, पण एकसारखे नाही. पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. उधाणाला गोव्यात हा उतार साधारण दोन मीटरचा. म्हणजे पहिल्या तासात १७ सेंटिमीटर, दुसऱ्यात ३३, तिसऱ्यात अर्धा मीटर. दुसऱ्या तासात चिखलाची कड नुकती उघडी पडते, खेकडे बाहेर येतात, खंड्या खालच्या मुळांवर उतरतो, आणि होडीखाली अजून पुरेसे पाणी असते. तिसऱ्या तासात ओढ वाढते आणि ओहळातून बाहेर पडणे भाग होते. न पडल्यास पाणी परत येईपर्यंत तिथेच मुक्काम.

आता सकाळचा कोवळा उजेड आणि हा दीड तास एकत्र कधी येतात ते बघा. जानेवारीत पणजीला सूर्य सातच्या सुमारास उगवतो. अष्टमीला भरती सहाला, तर सात ते साडेआठ. नवमीला पावणेसातला, तर पावणेआठ ते सव्वानऊ. शिवाय हे भांगाचे दिवस: उतार एक मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी, ओढ सौम्य, वेळ थोडा लांबतो. चिखल कमी उघडतो हे खरे, पण खंड्याला कडेची वीतभर पट्टी पुरते. महिन्यात अशा दोनदा तीन-चार सकाळी मिळतात. रविवारी न आल्यास रजा टाकावी.

होडीत

इंजिनाची होडी ओहळात न्यायची नाही. तोंडापासून शंभरेक मीटर अलीकडे इंजिन बंद, पुढे वल्हे. ट्रायपॉड घरी. होडीच्या तळाला त्याचे पाय टेकले की प्रत्येक ठोका थेट लेन्सपर्यंत जातो. काही जण उकड्या तांदळाची थैली कठड्यावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकतात. जीपच्या खिडकीत ही युक्ती छान आहे, अरुंद होडीत नाही, कारण माणूस कठड्याकडे झुकला की होडीही झुकते. आणि थैली भिजली तर तांदूळ दोन दिवसांत आंबतो.

बसायचे तळाशी, फळीवर नाही. पाय पुढे दुमडून दोन्ही कोपर गुडघ्यांवर. याने दोन कामे होतात: होडी डुलायची थांबते आणि कॅमेरा पाण्यापासून दोन-सव्वादोन फुटांवर येतो. खालच्या मुळावर बसलेल्या खंड्याच्या डोळ्याशी ही उंची जुळते. मागची खारफुटी दूर जाऊन हिरवी-करडी, विरघळलेली दिसते. वरून काढलेल्या फोटोत पक्ष्यामागे चिखल चिकटलेला दिसतो, तो असा सुटतो.

सर्वांत मोठा फरक पडतो तो काठीने. होडीवाल्याला आधीच सांगून ठेवायचे: हात वर केला की बांबूची काठी चिखलात रोवून होडी धरायची. शब्द लागलाच तर हळू आवाजात “रावात”, म्हणजे थांबा, बस. धरलेल्या होडीत मघाच्या हिशेबातले २० सेंटिमीटर जवळजवळ शून्य होतात. पक्ष्याकडे सरळ नाक करून जायचे नाही. तिरके, त्याला ओलांडून जातो आहोत असे वाटेल तसे, दोन-तीन टप्प्यांत. शेपूट वरखाली करू लागला, मान ताणून टकमक बघू लागला की तिथेच थांबायचे. दोन मिनिटांनी तो पुन्हा चिखलाकडे बघू लागला तरच पुढचा टप्पा. उडाला तर त्याच्या मागे जायचे नाही. त्याची बसण्याची ठिकाणे ठरलेली असतात, बहुधा त्यांपैकीच एकावर परततो.

मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावणे, आड येणारी फांदी मोडणे, हे अभयारण्यात बेकायदेशीर ठरू शकते आणि त्याची गरजही नसते. १९८८ साली अभयारण्य जाहीर झालेला हा भाग अवघा १.७८ चौरस किलोमीटरचा. त्यात तोच खंड्या रोज कुणाच्या तरी मोबाइलला उत्तर देत बसला तर त्याने खायचे कधी?

ज्याला होडी नको, त्याच्यासाठी खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या सखल जमिनीचे, बांध आहेत. ओहोटीला मानशीच्या (बांधातल्या पाणी सोडण्याच्या झडपेच्या) दारातून पाणी सुटते, त्याबरोबर मासळी ओढली जाते आणि मानशीच्या लाकडी चौकटीवर खंड्या हजर होतो. पाय जमिनीवर असल्याने १/५०० लाही काम होते. मात्र मानशीत मासे धरण्याचा हक्क लिलावात घेतलेला असतो. जाळे लावलेल्या माणसाला विचारून, त्याची वाट सोडून उभे राहावे.

सेटिंग

तिसऱ्या फेरीसाठी ठरलेले असे. शटर प्रायॉरिटी (वेग आपण ठरवायचा, छिद्र कॅमेऱ्याने), १/१६००. लेन्स ३०० मिमीवर तशीही एफ ६.३ वरच राहणार, तेव्हा पूर्ण मॅन्युअलचा आग्रह नको. काही प्राथमिक कॅमेऱ्यांत मॅन्युअल आणि ऑटो आयएसओ एकत्र असताना एक्स्पोझर कमी-जास्त करता येत नाही, हेही कारण. ऑटो आयएसओ, कमाल ३२००. कोवळ्या उन्हात तो ४०० ते ८०० राहतो, सावलीत ३२०० ला टेकतो. दाणे नंतर संगणकावर कमी करता येतात, रेघ पुसता येत नाही. १० मीटरवर एफ ६.३ ला फोकसची खोली साधारण २८ सेंटिमीटर मिळते, पक्ष्याला पुरून उरते. सहा मीटरवर ती १० सेंटिमीटरवर येते, तिथे डोळा सोडून दुसरीकडे फोकस लावून चालत नाही.

फोकस सतत चालणारा, बिंदू एकच, मधला. पहिल्या फेरीत सगळे बिंदू कॅमेऱ्यावर सोपवले होते आणि कॅमेरा इमानदारीने सर्वांत जवळचे पान पकडत होता. मागच्या बटणावर फोकस देऊन ठेवला की श्वासमुळांच्या जंगलात एकदा पकडलेला पक्षी शटर दाबताना सुटत नाही.

एक्स्पोझर उणे ०.७, म्हणजे कॅमेरा ठरवतो त्यापेक्षा थोडा कमी उजेड. मागची खारफुटी काळोखी, पक्ष्याचे पोट पांढरे. कॅमेरा सरासरी काढून पोट जाळतो. पहिल्या दोन फ्रेमनंतर मागच्या पडद्यावर लुकलुकणारा पांढरा भाग बघायचा, पोट लुकलुकत असेल तर उणे १. खंड्या उडून काळपट समुद्री बगळा समोर आला तर हे परत शून्यावर आणायला सगळेच विसरतात. फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), जेपेग जोडी बंद, नाहीतर या वर्गातल्या कॅमेऱ्याचा बफर, म्हणजे फ्रेमची तात्पुरती साठवण, ऐन वेळी भरतो. यूव्ही फिल्टर काढून ठेवलेला: पाण्याच्या चकाकीत स्वस्त काचेमुळे सगळ्या चित्रावर दुधाळ पडदा येतो.

आणि काच धुके धरू नये म्हणून बाणस्तारीचा पूल ओलांडला की गाडीचा एसी बंद, काचा खाली. रायबंदरला फेरीबोटीत चढेपर्यंत कॅमेरा बाहेरच्या हवेइतका कोमट झालेला असतो. एसीतून काढून थेट खाडीवर उघडलेली लेन्स वीस-तीस मिनिटे निरुपयोगी होते, आणि पुसून तर आणखी बिघडते.

तिसरी फेरी

वद्य नवमी, शनिवार. प्रवेशाचे आणि कॅमेऱ्याचे शुल्क भरून साडेसातला होडीत. पूर्वेकडे तोंड असलेली ओहळाची बाजू निवडली, सूर्य पाठीशी. पावणेआठला पहिला खंड्या कांदळाच्या आधारमुळावर, पाण्यापासून फूटभर वर, होडीपासून १८ मीटरवर. तीन टप्प्यांत ११ मीटरपर्यंत जाता आले. दुसऱ्या टप्प्यावर शेपूट हलू लागली, तेव्हा चार मिनिटे थांबावे लागले. नंतर पक्षी चिखलावर झेपावला आणि खेकडा घेऊन त्याच मुळावर आला. चोचीत धरून खेकडा फांदीवर आपटताना एक नांगी गळून पडली.

पाऊण तासात नव्वद फ्रेम. तपासणीत रेघ असलेल्या अकरा, फोकस चुकलेल्या वीसेक, डोके हलल्याने गेलेल्या बऱ्याच. आपटण्याच्या क्षणाला १/१६०० ही कमीच पडते, तिथे इलाज नाही. ठेवण्याजोग्या चौदा निघाल्या. त्यांतल्या सर्वांत चांगलीत आयएसओ १००० आहे, डोळ्यात ठिपका गोल आहे आणि चोचीच्या टोकाला चिकटलेला चिखल वेगळा दिसतो. सव्वानऊच्या आधीच होडीवाल्याने काठी उपसली. परत निघताना ओहळाच्या तोंडाशी तळ घासला.

झेप घेतानाचा फोटो या वेळीही मिळाला नाही. त्यासाठी १/३२०० तरी लागेल, आणि पावणेआठच्या उजेडात तिथे आयएसओ ६४०० च्या वर जातो. उजेड वाढवायचा तर दशमी बघावी लागेल: भरती साडेसातला, वेळ साडेआठ ते दहा, मुळांवर पूर्ण ऊन. दशमीनंतर पाणी वेगाने उतरू लागते आणि दहाच्या सुमारास चिखलावरची हवा थरथरू लागते, तेव्हा हातात धड तासभरच राहील. होडीवाल्याला आदल्या दिवशी फोन करून ठेवायला हवा.